दोन पानं गेली कुठे?

सहा पानांचा अंक प्रूफला गेला आणि छापून आला तो चार पानांचा. दोन पानं गायब. ज्या मुलांनी ती पानं लिहिली आणि लावली, त्यांना हे कळलं ते थेट अंक हातात पडल्यावर.

गोष्ट मे १९८३ची. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुईसजवळ हेझलवूड ईस्ट नावाचं सरकारी हायस्कूल आहे. तिथल्या पत्रकारितेच्या वर्गातली मुलं ‘स्पेक्ट्रम’ नावाचा पेपर काढायची. पेपर म्हणजे खराखुरा पेपर बरं का! साधारण दर तीन आठवड्यांनी अंक, वर्षभरात साडेचार हजारांवर प्रती, आणि वाचणारे फक्त शाळेतले नाहीत, गावातलेसुद्धा.

आता तुम्ही तुमच्या शाळेचा वार्षिक अंक आठवा. पहिल्या पानावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्या पानावर मुख्याध्यापकांचं मनोगत, मग दहावीच्या गुणवंतांची यादी, ‘पाऊस’ या एकाच विषयावरच्या आठ-दहा कविता आणि शेवटी सहलीचा ग्रुप फोटो, ज्यात आपण तिसऱ्या ओळीत कुणाच्या तरी डोक्यामागे. यात सेन्सॉर करण्यासारखं काय असणार? म्हणून ‘शाळेच्या पेपरवर सेन्सॉरशिप’ हे शब्द ऐकले की आपल्याला पटकन हसू येतं. मलाही आलं होतं, मीडिया लॉच्या तासाला. मग सरांनी त्या दोन पानांवर काय होतं ते सांगितलं आणि वर्ग सरळ दोन भागांत फुटला.

एका लेखात शाळेतल्या तीन मुलींचे अनुभव होते. तिघींना शाळेत असताना दिवस गेले होते. नावं बदललेली होती. दुसरा लेख होता आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो यावर. त्यात एका मुलीनं वडिलांबद्दल तक्रार केली होती, ते घरी वेळ देत नव्हते अशा अर्थाची. मुख्याध्यापक रॉबर्ट रेनॉल्ड्स यांनी प्रूफ पाहिलं आणि ठरवलं की हे छापायचं नाही. शालेय वर्ष संपत आलं होतं, दुरुस्त्या करत बसलो तर अंकच निघणार नाही, म्हणून त्यांनी ती दोन पानंच काढून टाकायला सांगितली.

त्यांचे मुद्दे काय होते, हे नीट ऐकून घ्या. शाळेत गरोदर मुली मोजक्याच होत्या, त्यामुळे नाव बदलूनही कोण ते ओळखू येईल. मुलींच्या मित्रांना आणि पालकांना काही विचारलेलं नाही. वडिलांवर आरोप आहे, पण वडिलांची बाजू नाही. आणि संततिनियमनाचे उल्लेख शाळेतल्या लहान मुलांच्या हातात पडायला नकोत.

खरं सांगू? शेवटचा मुद्दा सोडला तर बाकीचे मुद्दे कुठल्याही डेस्कवर निघाले असते. गेले काही महिने मी याच पेपरच्या फीचर डेस्कवर इंटर्न आहे. ‘समोरच्याला फोन केलास का?’ हा प्रश्न मला दिवसातून तीनदा ऐकायला मिळतो. ‘ओळख कळत नाही ना?’ हा त्याच्या खालोखाल. त्यामुळे रेनॉल्ड्स म्हणजे कुणी खलनायक आणि मुलं म्हणजे क्रांतिकारक, असा सरधोपट हिशेब मला जमत नाही.

पण या सगळ्या प्रश्नांवर डेस्क काय करतो? कॉपी परत पाठवतो. वडिलांना फोन कर म्हणतो. नाव काढ, वर्ग काढ, गावाचा उल्लेख काढ म्हणतो. अगदीच जमत नसेल तर तेवढी बातमी होल्डवर टाकतो आणि लिहिणाऱ्याला तसं सांगतो. इथे काय झालं? मुलांशी कुणी एक शब्द बोललं नाही. गंमत म्हणजे घटस्फोटाच्या लेखातलं त्या मुलीचं नाव शिक्षकांनी आधीच काढलेलं होतं, मुख्याध्यापकांसमोरच्या प्रूफमध्ये मात्र ते तसंच होतं. म्हणजे जो फोन शिक्षकांना करायला हवा होता, तो झाला असता तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं.

आणि यातला सगळ्यात वाईट भाग फारसा कुणी सांगत नाही. त्या दोन पानांवर एकूण सहा लेख होते. उरलेले चार अल्पवयातली लग्नं, घरातून पळून जाणारी मुलं, बालगुन्हेगारी अशा विषयांवरचे. त्यांच्यावर मुख्याध्यापकांचा काहीच आक्षेप नव्हता, हे त्यांनी स्वतः कोर्टात सांगितलं. ते गेले, कारण ते त्याच पानांवर होते! ओल्याबरोबर सुकं जळतं म्हणतात, ते हे असं.

तीन मुली कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात शाळा जिंकली, अपिलात मुली जिंकल्या, आणि १३ जानेवारी १९८८ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. (नऊपैकी एक खुर्ची त्या वेळी रिकामी होती.) ‘हेझलवूड विरुद्ध कुलमायर’ हा तो निकाल. अंक निघून साडेचार वर्षं झाली होती, मुली केव्हाच शाळेबाहेर पडल्या होत्या.

हा निकाल समजायचा तर त्याच्या आधीचा एक माहीत हवा. १९६५च्या डिसेंबरमध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही शाळकरी मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून वर्गात गेली. शाळेनं त्यांना घरी पाठवलं. त्यातली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. १९६९मध्ये सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की शाळेच्या फाटकातून आत शिरताना मुलं आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाहीत. शाळेच्या कामात खरोखरच मोठा अडथळा येत असेल तरच त्यांना अडवता येईल. वीसेक वर्षं हाच नियम चालला.

हेझलवूडमध्ये कोर्टानं त्यातून बारीक वाट काढली. मुलानं स्वतःच्या दंडाला फीत बांधली तर ते त्याचं बोलणं, शाळेनं ते सहन करायचं. पण पेपर शाळेच्या पैशानं, शाळेच्या तासाला, शाळेच्या नावानं निघतो. तिथे शाळा ही प्रकाशक. शैक्षणिक हेतूशी रास्त संबंध असलेलं कुठलंही कारण असेल तर शाळा मजकूर अडवू शकते. आता ‘शैक्षणिक हेतू’ या शब्दाकडे जरा बघा. यात काय बसत नाही? व्याकरणाच्या चुका बसतात, अपुरी माहिती बसते, ‘वादग्रस्त’ बसतं, आणि मनात आणलं तर ‘कँटीनमधला वडा गार असतो’ हेसुद्धा बसतं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं, ते मिळालं तर वाचा. ते म्हणतात तो भाग थोडक्यात असा, की नागरिकशास्त्र शिकवण्याच्या नावाखाली शाळेनं मुलांना नेमकं उलटं शिकवलं.

आमच्या वर्गातला शाळेच्या बाजूचा गट एकाच मुद्द्यावर अडून बसला होता आणि तो मुद्दा बिनतोड वाटतो. ‘उद्या तुझा संपादक तुझी कॉपी मारेल, तेव्हा तू कोर्टात जाणार का? ज्याचा पेपर, त्याची कात्री.’

नाही, मी कोर्टात जाणार नाही. माझी आठशे शब्दांची कॉपी साडेचारशेची होऊन पानावर लागते आणि बहुतेक वेळा ती आधीपेक्षा बरी असते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पण संपादक आणि सरकारी शाळेचा मुख्याध्यापक या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक सरकारचा माणूस असतो. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारच्याच हाताला आवर घालते. (म्हणूनच तिथल्या खासगी शाळांना ती तशी लागू होत नाही.) आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शाळेच्या पेपरसाठी मुख्याध्यापक हाच बातमीचा विषय असतो. तो त्या गावाचा महापौर आहे! महापौरानं प्रूफ तपासून दिलेला पेपर तुम्ही विकत घ्याल का?

हे उगाच शब्दांचे खेळ वाटत असतील तर २०१७मधलं कॅन्सास पाहा. पिट्सबर्ग नावाचं छोटं शहर, पोलादवालं मोठं पिट्सबर्ग नव्हे. तिथल्या हायस्कूलला नवी मुख्याध्यापिका नेमली गेली. ‘बूस्टर रेडक्स’ या शाळेच्या पेपरची मुलं तिच्यावर स्वागताची साधी ओळखपर स्टोरी करायला बसली. माहिती तपासताना तिच्या वरच्या पदव्या ज्या विद्यापीठाच्या होत्या, त्याची मान्यता कुठे सापडेना. वेबसाइट धड चालेना. मुलांनी तिच्याशीच फोनवर बोलून प्रश्न विचारले. पदव्या खऱ्या आहेत, असं तिचं म्हणणं होतं. मुलांनी सगळं तपासून ३१ मार्चला बातमी छापली आणि पुढच्या काही दिवसांत तिनं राजीनामा दिला. ज्या मोठ्या माणसांनी तिची निवड केली होती, त्यांच्या नजरेतून जे सुटलं ते शाळकरी पोरांनी पकडलं.

ही बातमी छापून आली कशी? कारण कॅन्सासनं १९९२मध्ये स्वतःचा कायदा केला होता. हेझलवूडचा निकाल राज्यांना अधिक स्वातंत्र्य देण्यापासून अडवत नाही, ही त्यातली फट होती. कॅलिफोर्नियात तर १९७७पासूनच कायदा होता. मॅसॅच्युसेट्सनं निकालाच्याच वर्षी केला, मग आयोवा, कोलोरॅडो, कॅन्सास. २०१५मध्ये नॉर्थ डकोटानं केल्यावर ‘न्यू व्हॉइसेस’ या नावानं चळवळच उभी राहिली. आपली मराठी मंडळी जिथे गल्लोगल्ली भेटतात त्या न्यू जर्सीत २०२१च्या अखेरीस असा कायदा झाला. म्हणजे एडिसनला राहणारी तुमची आतेबहीण शाळेच्या पेपरमध्ये जे बिनधास्त लिहू शकते, ते दुसऱ्या एखाद्या राज्यातल्या तुमच्या मामेभावाला लिहिता येईलच असं नाही. देश एक, घटना एक, हक्क मात्र पिनकोडप्रमाणे.

या कायद्यांमध्ये मुलांना मोकाट सोडलेलं नाही, हेही सांगायला हवं. बदनामी चालत नाही, अश्लील मजकूर चालत नाही, कायदा मोडायला किंवा शाळेत गोंधळ घालायला चिथावणी चालत नाही. फक्त ‘मला आवडलं नाही’ आणि ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही कारणं चालत नाहीत. आणि कॅन्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या कायद्यात मला सगळ्यात आवडलेलं कलम मुलांसाठी नाहीच, शिक्षकांसाठी आहे. मुलांचा मजकूर दाबायला नकार दिला म्हणून पेपर सांभाळणाऱ्या शिक्षकाला काढता येत नाही, बदलता येत नाही. कायदे करणाऱ्यांना शाळा चांगल्या ठाऊक असणार. मुलांवर थेट कात्री चालवायची गरजच पडत नाही हो. बाईंना बोलावून ‘पुढच्या वर्षी तुम्ही पेपरऐवजी स्काउट-गाइड बघा’ एवढं म्हटलं की काम झालं.

कायदा नसेल तर काय होतं, ते नेब्रास्कात दिसलं. ग्रँड आयलंडमधल्या नॉर्थवेस्ट हायस्कूलचा ‘व्हायकिंग सागा’ हा पेपर ५४ वर्षं चालला होता. २०२२मध्ये त्याच्या वर्षअखेरच्या अंकात एलजीबीटीक्यू विषयावरचे लेख आले. त्याआधी काही मुलांना ताकीद मिळाली होती की बायलाइनला शाळेच्या दाखल्यावरचंच नाव वापरायचं, तुम्ही निवडलेलं नाही. अंक निघाला आणि काही दिवसांतच पेपरच बंद करण्यात आला. लेख नाही, पान नाही, अख्खा पेपर. जुन्या काळी निदान दोन पानं कापायचे!

‘असे विषय मुलांना झेपत नाहीत’ असं मोठ्यांचं नेहमीचं म्हणणं असतं. गरोदरपण, घटस्फोट, ओळख, मृत्यू. पण हेझलवूडच्या त्या तीन मुलींना ते झेपत होतं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं, ते त्यांच्यावर येऊन पडलं होतं. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ला गोळीबार झाला. १७ जण गेले. शाळेच्या ‘ईगल आय’ या पेपरच्या मुलांनी त्या सतराही जणांचे मृत्युलेख लिहिले, स्वतःच्या मित्रांचे आणि शिक्षकांचे. पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार जाहीर करताना त्या मुलांच्या कामाचा मुद्दाम उल्लेख झाला. त्या मुलांना कुणी सांगायला गेलं असतं का, की बाळांनो, हा विषय तुमच्या वयाला साजेसा नाही?

तुमच्यातला कुणीतरी आता म्हणेल, अगं पण शाळेचा पेपर वाचतो कोण? इन्स्टा आहे की! टाक स्टोरी, विषय संपला. यावर एक भारी किस्सा आहे. पेनसिल्वेनियातल्या एका मुलीची शाळेच्या मुख्य चीअरलीडर टीममध्ये निवड झाली नाही. तिनं शनिवारी, शाळेबाहेरून, स्नॅपचॅटवर शाळेला आणि टीमला कचकचीत शिवी हासडली. शाळेनं तिला वर्षभरासाठी ज्युनियर टीममधूनही काढलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२१मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी ती मुलगी जिंकली. निकाल मला पटतो. शनिवारी दुकानात उभं राहून मी काय बोलते याच्याशी शाळेचा संबंध काय? पण दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. रागाच्या भरात टाकलेल्या शिवीला संरक्षण आहे. चार जणांशी बोलून, दोनदा तपासून, शिक्षकांना दाखवून लिहिलेल्या बातमीला त्या मानानं नाही. मग शहाणं मूल काय करेल? बातमी लिहायच्या भानगडीत पडेलच कशाला, स्नॅप टाकेल. आणि नंतर आपणच परिसंवाद घेणार की नवी पिढी पडताळणी न करता फॉरवर्ड करते.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न राहतोच. केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहायची पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८६मध्ये, म्हणजे हेझलवूडच्या दोन वर्षं आधी, आपल्या सुप्रीम कोर्टानं ‘बिजो इमॅन्युएल’ खटल्यात त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. म्हणजे शाळेत गप्प राहण्याचा हक्क आपल्या मुलांना मिळालेला आहे. छापण्याचा हक्क मागायचा तर आधी छापायला काहीतरी हवं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात तेराव्या कलमात मुलांचा बोलण्याचा, लिहिण्याचा, छापण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. भारतानं तो करार १९९२मध्ये स्वीकारला. अमेरिकेनं सही केली, पण मान्यता आजही दिलेली नाही. म्हणजे कागदावर आपण पुढे आहोत. खटले मात्र त्यांच्याकडे होतात, कारण पेपरही त्यांच्याकडे निघतात.

आपल्याकडे हस्तलिखितांची आणि भित्तिपत्रकांची चांगली परंपरा होती आणि काही शाळांमध्ये ती अजून टिकून आहे. मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण त्याला ना छपाईचा खर्च, ना परवानगीचे दहा कागद. लगेच मुख्याध्यापकांच्या पदव्या तपासायला नकोत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही, ग्रंथालयाचं कपाट कुलूपबंद का असतं, पीटीचा तास गणिताला का जातो, एवढं पुरे. बाईंनी तपासावं, जरूर तपासावं. नाव काढायला सांगावं, दुसरी बाजू घ्यायला पाठवावं. माझी अट एकच राहील. जो मजकूर काढायचा, त्याच्या समासात कारण लिहायचं आणि खाली सही करायची. आणि तो कागद लिहिणाऱ्या मुलाला परत द्यायचा.